‘काही दिसत नाही’ म्हणजे काय : ग्रामीण कॅज्युअल्टीतल्या सोनोग्राफी प्रशिक्षणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी शहापूर आणि मुरबाड हे दोन मोठे डोंगराळ तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. ज्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल लिहिते आहे ते याच पट्ट्यातलं. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, आणि रुग्णांचे तपशील थोडे बदलले आहेत.

तीस खाटा, एक प्रसूतिगृह, एक ऑपरेशन थिएटर, रक्ताच्या पिशव्या ठेवायला एक छोटा फ्रीज. स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, भूलतज्ज्ञ आहेत. सर्जन नाही, सीटी स्कॅन नाही. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतात, त्या दिवशी गरोदर बायांची रांग व्हरांड्याच्या बाहेर जाते. नाशिक महामार्ग जवळ असल्यामुळे अपघात कायम येतात. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्यात साप चावलेले, झाडावरून पडलेले आणि चिखलात मोटरसायकल घसरलेले यांची भर पडते. सर्जन लागला की ठाणं गाठायचं. एरवी सव्वा-दीड तासाचा रस्ता, पण वडपे ते माजिवडा या टप्प्यात रुंदीकरणाचं काम चालू असताना त्याचे अडीच तास झालेले मी स्वतः गाडीत बसून मोजले आहेत.

मी नवी मुंबईत एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करते. या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांची एका बैठकीत गाठ पडली. ते म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे मशीन आहे, पण आठवड्यातले सहा दिवस कुलपात. आमच्या पोरांना एवढं तरी शिकवा, की पोटात रक्त आहे की नाही ते कळेल.” ‘पोरं’ म्हणजे त्यांचे मेडिकल ऑफिसर. तिथून हे सुरू झालं.

पॉइंट-ऑफ-केअर सोनोग्राफीत रुग्णाला तपासणारा डॉक्टरच खाटेशेजारी उभा राहून प्रोब (अंगावर टेकवायचा मशीनचा भाग) हातात घेतो आणि ठरावीक प्रश्नांचीच उत्तरं शोधतो. पोटात मोकळं रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साचलंय का? फुप्फुस छातीच्या भिंतीला टेकून सरकतंय का? रेडिओलॉजिस्ट करतात ती सविस्तर तपासणी वेगळी, तिची जागा ही तपासणी घेत नाही. मार लागलेल्या रुग्णात चार ठिकाणं पाहायची : उजवीकडे यकृत आणि किडनीमधली फट, डावीकडे प्लीहेच्या (स्प्लीनच्या) आजूबाजूची जागा, ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे, आणि छातीच्या हाडाखालून हृदय. याला ‘फास्ट’ म्हणतात, १९९० च्या दशकात हे नाव रुळलं. छातीच्या दोन्ही बाजू धरल्या की ती ‘ई-फास्ट’ होते. सरावलेल्या हाताला पाचेक मिनिटं पुरतात.

अडचण

मशीन कुलपात होतं ते कुणाच्या आळसामुळे नव्हे. त्या खोलीच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. मी या कायद्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पण त्यामुळे कॅज्युअल्टीत सोनोग्राफी करायची तर प्रत्येक पाऊल मोजूनच टाकावं लागतं, आणि प्रशिक्षण देणारे बाहेरून आलेले लोक नेमकं हेच विसरतात.

मशीनची नोंदणी जागेसकट होते, आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरांची नावंही त्या नोंदणीत असतात. जागा, यंत्र किंवा माणूस बदलायचा तर समुचित प्राधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, तीस दिवस आधी कळवावं लागतं. एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर सोनोग्राफी करता येत नाही. पोर्टेबल मशीन घेऊन गावोगाव फिरणं तर नियमांनी जवळजवळ बंदच केलंय. आणि एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करायची असेल तर २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं, तीनशे तासांचं प्रशिक्षण हवं. गरोदर बाई असेल तर फॉर्म ‘एफ’ (तिच्या सोनोग्राफीची नोंद), गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं तिचं घोषणापत्र, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत.

दुसरी अडचण माणसांची. कॅज्युअल्टीत आळीपाळीने ड्यूटी करणारे, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आणि भूलतज्ज्ञ धरून, सात डॉक्टर. त्यांतल्या दोघांनीच ते सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेलं. या दोन तज्ज्ञांसकट चार नावं मशीनच्या नोंदणी प्रमाणपत्रावर येऊ शकत होती.

तिसरी अडचण सरावाची. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकाच्या संघटनेची शिफारस आहे की एकेका प्रकारच्या तपासणीत हात बसायला देखरेखीखाली २५ ते ५० तपासण्या कराव्यात. या रुग्णालयात पोटाला मार लागलेले रुग्ण महिन्याला मोजकेच. मग २५ आणायच्या कुठून?

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय अधीक्षकांच्या मनातला. १०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांना हातात मावणारा छोटा प्रोब द्यायचा. ऐकायला फार चांगलं वाटतं. गाडी दारात पोचते तिथेच कळेल, वाट बदलता येईल. पण १०८ वर बहुतेक डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, असतात, त्यांची नावं प्रमाणपत्रावर येणार नव्हती, आणि फिरत्या गाडीतलं मशीन नियमात बसत नव्हतं. हा विषय आम्ही एका बैठकीतच मिटवला. तरी मला तो अजून सलतो, कारण घाटातला अपघात रुग्णालयात पोचेपर्यंतच सगळ्यात मौल्यवान वेळ गेलेला असतो.

दुसरा पर्याय, सातही डॉक्टरांना शिकवायचं आणि ‘इमर्जन्सी आहे’ म्हणून कागदाचं नंतर बघायचं. असं करणारे आहेत. आम्ही नको म्हटलं. एका तक्रारीवर मशीन सील झालं असतं, आणि मग आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या बायांची रांग कुठे गेली असती?

तिसरा पर्याय स्वीकारला. प्रोब फक्त चौघांच्या हातात. बाकीचे तीन डॉक्टर, कॅज्युअल्टीच्या सिस्टर आणि १०८ चे डॉक्टर यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचं वेगळं सत्र : कुठल्या रुग्णासाठी सोनोग्राफी मागायची, तोवर काय तयारी करायची, उत्तर आलं की कुणाला फोन. याची किंमत आम्हाला माहीत होती. महिन्यातल्या बऱ्याच रात्री चौघांपैकी कुणीच ड्यूटीवर नसणार होतं.

शिकवायचं काय, यावरही बराच खल झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं म्हणणं ठाम होतं : गर्भाकडे प्रोब वळवायचा नाही, आठवडे मोजायचे नाहीत, ठोके दाखवायचे नाहीत. ओटीपोटात फक्त मोकळं पाणी आहे का, एवढंच. मला आधी ते फार आखडतं घेतल्यासारखं वाटलं. आज मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तीन प्रश्न नीट शिकलेला डॉक्टर दहा प्रश्न अर्धवट शिकलेल्यापेक्षा जास्त जीव वाचवतो.

काय केलं

मे महिन्यात एक शनिवार-रविवार ठरवला. ठाण्याला गाडी बदलून सकाळची कसारा लोकल पकडून मी पोचले. मशीन जुनं होतं, पण चाकांवर चालणारं, आणि पोटाचा वक्र प्रोब चांगल्या अवस्थेत. सराव त्या नोंदणी झालेल्या खोलीतच, फक्त पुरुष रुग्णांवर आणि पुरुष कर्मचाऱ्यांवर, त्यांची संमती घेऊन.

पोटातलं पाणी कसं दिसतं ते निरोगी माणसावर शिकवता येत नाही. वॉर्डात यकृताच्या आजाराचे एक काका दाखल होते, पोट पाण्याने फुगलेलं. सिस्टरनी त्यांना समजावून सांगितलं. काका म्हणाले, “बघा की. माझ्या पोटावर शिकून कुनाचं भलं व्हत असंल तर बघा.” त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली प्रोब ठेवला. यकृत करड्या रंगाचं, बारीक रवाळ. त्याच्याखाली राजम्याच्या दाण्यासारखी किडनी. आणि दोघांच्या मधे, जिथे एरवी नुसती पांढरी रेघ असते, तिथे काळ्याशार पाण्याचा पट्टा. चौघांनी आळीपाळीने तो स्वतःच्या हाताने शोधला. धाकट्या मेडिकल ऑफिसरला तो सापडला तेव्हा तो श्वास रोखून उभा होता, आणि काकांनीच त्याला विचारलं, “गावलं का डॉक्टर?”

डावी बाजू अवघड. प्लीहा मागे, वर असते. नवशिका प्रोब नेहमी पुढेच ठेवतो आणि पोटातला वायू बघत बसतो. मी शिकवते ते असं : प्रोब धरलेल्या मुठीची बोटं गादीला टेकली पाहिजेत. बोटं टेकली नाहीत तर हात अजून मागे न्यायचा. हे मी त्या दिवशीही सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ संपत आला होता, वॉर्डातली माणसं सडपातळ होती, मूठ टेकली-न टेकली तरी चित्र येत होतं. डावीकडे किडनी आणि प्लीहा दिसली की मी ‘छान’ म्हणत पुढे जात होते. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) दिसलंच पाहिजे, असं मी अडून बसले नाही. हे वाक्य पुढे पुन्हा येणार आहे.

किल्लीचाही प्रश्न होता. रात्री ती अधीक्षकांच्या क्वार्टरवर असे. आम्ही दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात कॅज्युअल्टीच्या सिस्टरकडे ठेवली, सोबत एक रजिस्टर : पाकीट कधी फोडलं, कुणासाठी, कुणी तपासलं. मशीन कॅज्युअल्टीच्या शेजारच्या खोलीत हलवण्यासाठी अर्ज दिला. तो मंजूर होऊन हाती यायला ऑगस्ट उजाडला.

सरावासाठी ठरलं की चौघांपैकी प्रत्येकाने वॉर्डातल्या संमती दिलेल्या पुरुष रुग्णांवर आठवड्याला दोन तपासण्या करायच्या, आणि मी महिन्यातून एकदा येऊन सोबत बसायचं.

जुलैतली ती रात्र

एकोणीस वर्षांचा मुलगा. आवणी उरकून मोटरसायकलवरून घरी निघाला होता. वळणावर गाडी घसरली आणि हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. पडला तेव्हा पावणेनऊ झाले असावेत. गावातल्या एका इकोमधून त्याला आणलं, सव्वानऊला. वडील आणि एक चुलते सोबत.

बीपी ११० वर ७०, पल्स १०४. शुद्धीवर, बोलत होता. डावीकडे दाबल्यावर दुखत होतं. योगायोगाने चौघांतला धाकटा डॉक्टर ड्यूटीवर होता. १०८ ची गाडी आवारात उभी होती, नुकतीच एका बाळंतिणीला सोडून आलेली. डॉक्टरने पाकीट फोडलं, मुलाला स्ट्रेचरवरून अंगण ओलांडून सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. एकाने वर प्लास्टिक धरलं होतं, पाऊस तसाच होता. ९.३५ ला त्याने चारही ठिकाणं पाहिली. कुठेच काळं नाही. केस पेपरवर लिहिलं : ‘फास्ट निगेटिव्ह’.

वडिलांनी विचारलं, “साहेब, फोटोत काय नाय ना? मग घरी न्यावं का?” डॉक्टरने घरी पाठवलं नाही, हे त्याचं श्रेय. “नाही काका, रात्रभर राहू द्या,” असं सांगून निरीक्षणाखाली ठेवलं. १०८ ची गाडी तेवढ्यात महामार्गावरच्या दुसऱ्या अपघाताला निघून गेली. तिला थांबवायचं काही कारण कुणाला दिसलं नाही.

अकरा वाजता सिस्टरनी पल्स मोजली. ११८. त्या जाऊन म्हणाल्या, “सर, पोरगं अस्वस्थ वाटतंय, पाणी मागतंय सारखं.” डॉक्टर म्हणाला, “दुखतंय म्हणून असेल, सोनोग्राफी क्लिअर आहे.” वेदनाशामक दिलं. या एका वाक्यावर आम्ही नंतर कितीतरी वेळा परत आलो. सिस्टर वीस वर्षं कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर होतं. मशीन आलं नसतं तर त्यांच्या शब्दावर डॉक्टर उठून रुग्णाकडे गेला असता, असं तो स्वतःच मला म्हणाला.

१२.१० ला बीपी ८४, पल्स १३२, घाम. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा अंगण. आता उजवीकडेही काळा पट्टा, आणि डावीकडे प्लीहेच्या वर, श्वासपटलाखाली, जाड काळी कोर. पावणेनऊला पडलेल्या मुलाला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा (रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचा) एक ग्रॅम द्यायची वेळही टळून गेली होती. २०१० च्या क्रॅश-२ या मोठ्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अशी की, मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच त्याचा फायदा, उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो. १०८ परत यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर सलाईन, फ्रीजमधली रक्ताची एक पिशवी, ठाण्याला फोन. पहाटे सव्वातीनच्या सुमारास मुलगा ठाण्यात थिएटरमध्ये पोचला. प्लीहा काढावी लागली. मुलगा वाचला. बारा दिवसांनी घरी गेला.

सकाळी सातला डॉक्टरचा मला फोन आला. “मॅडम, तुम्ही दाखवलं होतं तसंच केलं.”

काय चुकलं, ते शोधताना

पुढच्या रविवारी मी गेले. मशीनमध्ये ९.३५ ची दोनच चित्रं सेव्ह झाली होती. उजवीकडचं उत्तम होतं. डावीकडच्या चित्रात प्लीहेचं खालचं टोक आणि किडनी होती, श्वासपटल नव्हतं. डाव्या बाजूला रक्त आधी प्लीहा आणि किडनीच्या मधे जमत नाही, ते प्लीहेच्या वर, श्वासपटलाखाली जमतं. उजवीकडच्यासारखं इथेही ‘मधली फट’ बघितली की पहिलं रक्त निसटतं. त्या वेळी तिथे रक्त होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण जिथे असायची सर्वात जास्त शक्यता, ती जागा पाहिलीच गेली नव्हती. आणि मी मे महिन्यात ‘छान’ म्हटलं होतं ते अशाच चित्राला.

तरीही मला वाटतं की चित्रातली चूक दुय्यम. चित्र अगदी बिनचूक असतं तरी ९.३५ चा निर्णय चुकीचाच ठरला असता. पोटात बऱ्यापैकी रक्त जमल्याशिवाय ते सोनोग्राफीत दिसत नाही. प्लीहेला चीर गेलेली असते, रक्त अजून तिच्या आवरणातच असतं, तेव्हा फास्ट कोरी येते. मोठ्या रुग्णालयात अशा मुलाचा सीटी होतो. जिथे सीटी नाही तिथे दुखरं पोट, हँडलचा मार आणि शंभराच्या वरची पल्स एवढंच रेफर करायला पुरेसं आहे. सोनोग्राफीत रक्त दिसलं तर घाई वाढते. दिसलं नाही तर रेफर करण्याची गरज कमी होत नाही. दोन दिवसांत मी चौघांना काळं पाणी ओळखायला शिकवलं. ते नसेल तेव्हा काय करायचं यावर माझ्या सत्रातली पाच मिनिटंही गेली नव्हती.

डॉक्टरशी मी हे त्याच खोलीत बसून बोलले. तो फार खचला होता. त्याला म्हटलं की तुझी चूक आणि माझी चूक वेगवेगळी लिहून काढू. त्याच्या कागदावर एक ओळ आली, माझ्या कागदावर चार.

मग काय बदललं

‘निगेटिव्ह’ हा शब्द केस पेपरवरून गेला. आता लिहितात : ‘आत्ता पाणी दिसलं नाही’, पुढे वेळ, आणि पुढच्या तपासणीची वेळ. पहिली फेरतपासणी अर्ध्या तासाने, नंतर तासातासाने, आणि पल्स किंवा बीपी हलली की लगेच. ‘क्लिअर’ हा शब्द तोंडीसुद्धा वापरायचा नाही असं ठरलं, आणि सिस्टर तो ऐकला की टोकतात.

पोटाला जोराचा मार आणि दाबल्यावर दुखणं, एवढ्यावर १०८ ला आवारात थांबवायचं किंवा बोलावून घ्यायचं, सोनोग्राफी होण्याआधीच. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्रावाच्या दाट संशयावर, तीन तासांच्या आत. प्रत्येक तपासणीची चार चित्रं सेव्ह करायची, डावीकडच्यात श्वासपटलाची पांढरी कमान दिसलीच पाहिजे. नसेल तर ‘डावी बाजू पाहता आली नाही’ असं लिहायचं. चित्रं रुग्णाच्या नावाशिवाय मी महिन्यातून एकदा तिथे बसूनच पाहते, फोनवर काहीही मागवत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मते : पल्स ११० च्या वर गेली किंवा रुग्ण अस्वस्थ वाटला तर दुसरी तपासणी मागायचा आणि १०८ ला फोन करायचा अधिकार सिस्टरचा. डॉक्टरची परवानगी लागत नाही. अधीक्षकांनी हे लेखी आदेशात घातलं. सुरुवातीला दोन डॉक्टरांना ते रुचलं नाही. अकरा वाजताच्या त्या पल्सचा कागद त्यांच्यासमोर ठेवल्यावर बोलणं थांबलं.

अर्ध्या दिवसाचं सत्र आम्ही पुन्हा घेतलं, या वेळी पूर्ण दिवसाचं. वॉर्डातले मामाही बसले, कारण रात्री स्ट्रेचर तेच ढकलतात आणि पाकीट त्यांच्याच समोर फुटतं.

निष्पत्ती

डिसेंबरात वीटभट्टीवर काम करणारी एक बाई आली, सव्वीस वर्षांची. पोटात दुखून चक्कर आलेली, नवऱ्याने टेम्पोतून आणलं होतं. बीपी ८०. पाळी चुकली का विचारलं तर नीट सांगता येईना. सिस्टरनी लघवीची तपासणी केली, दोन रेघा आल्या. मशीन एव्हाना शेजारच्या खोलीत होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने उजवीकडे प्रोब ठेवला आणि यकृताखाली काळा पट्टा लगेच दिसला. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला असावा. एकीकडे सिस्टर तिच्या हातावर शिर शोधत होत्या, दुसरीकडे दुसऱ्या सिस्टर फॉर्म ‘एफ’ घेऊन वाकून तिला घोषणापत्र वाचून दाखवत होत्या, आणि तिचा अंगठा घेतला तेव्हा शाई तिच्या बांगडीला लागली. या घाईत कागद कशाला, असं मला एका डॉक्टर मित्राने नंतर विचारलं. कारण तो कागद आहे म्हणून हे मशीन कॅज्युअल्टीशेजारी उभं राहू शकतं.

इथे निर्णय उलटा झाला. ठाण्याला पाठवायचं नाही असं ठरलं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम क्वार्टरवरून धावत आल्या, भूलतज्ज्ञ आले, फ्रीजमध्ये रक्ताच्या दोन पिशव्या होत्या, चाळीस मिनिटांत थिएटर चालू झालं. पोटात लिटरभराहून जास्त रक्त होतं. ती बाई वडपे-माजिवड्याच्या कोंडीत अडकली असती तर पोचली नसती, असं मॅडम म्हणाल्या, आणि मलाही तसंच वाटतं.

बाकीच्या महिन्यांत रजिस्टरमध्ये ज्या नोंदी आल्या त्यांत ‘आत्ता पाणी दिसलं नाही’ हेच जास्त. त्यांतले काही रेफर झाले आणि ठाण्यात सीटी साफ निघाला. तिथल्या एका डॉक्टरांनी अधीक्षकांना ‘उगाच पाठवता’ असं ऐकवलं. अधीक्षकांनी ते माझ्यापर्यंत पोचवलं, पण आदेश बदलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. मशीन हलवायचा अर्ज मी प्रशिक्षणाआधी दोन महिने द्यायला सांगायला हवा होता. तीस दिवसांची अट माहीत असूनही आम्ही शिकवण्याची तारीख आधी धरली, आणि पावसाळ्यातले दोन महिने स्ट्रेचर अंगणातून गेली. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाची दुसरी तपासणी अकरा वाजताच झाली असती का? मशीन शेजारी असतं तर कदाचित झाली असती. भर पावसात पुन्हा अंगण ओलांडायचं तर पाय मागे राहतोच.

दुसरी, सत्राची रचना. पहिल्या तासात प्रोब हातात देऊ नये असं आता मला वाटतं. पहिल्या तासात तीन खऱ्या रुग्णांच्या गोष्टी, तिघांचीही फास्ट कोरी, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न : आता काय कराल? मी हल्ली नवी मुंबईत आमच्या स्वतःच्या निवासी डॉक्टरांनाही असंच शिकवते. ते कंटाळतात, त्यांना मशीन हवं असतं. मी तरीही तासभर देत नाही.

तिसरी, सिस्टरना मी ‘मदतनीस’ समजून अर्धा दिवस दिला होता. फेरतपासणी कधी व्हावी हे ठरवणारी माणसं तीच आहेत. रात्रभर रुग्णाशेजारी असतात, पल्स त्याच मोजतात.

चौथी बाब पैशाची नाही, बदल्यांची आहे. चार नावांवर उभं केलेलं काम सरकारी रुग्णालयात चार वर्षंही टिकत नाही. उरलेल्या तिघा मेडिकल ऑफिसरांपैकी दोघांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पहिल्याच वर्षी पाठवायला हवं होतं. तेव्हा ड्यूटी कोण करणार, हा प्रश्न होता. आजही आहे. गेल्या मे महिन्यात भूलतज्ज्ञांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमचं नाव प्रमाणपत्रावर घालायचा अर्ज गेलाय, पण प्रमाणपत्र अजून हाती आलेलं नाही. एक मेडिकल ऑफिसर अखेर जूनमध्ये प्रशिक्षणाला गेला. तो परत येईल तेव्हा त्याच्या पहिल्या २५ तपासण्यांसाठी रजिस्टरमध्ये कोरी पानं राखून ठेवली आहेत, सिस्टरनी पट्टीने रेघा मारून.

तोवर प्रमाणपत्रावर तीन नावं. महिन्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री प्रोब धरणारं कुणी नसतं. त्या रात्री सिस्टर पाकीट फोडत नाहीत. पल्स दर पंधरा मिनिटांनी लिहितात, आणि १०८ ला लवकर बोलावतात.